आमची वाटचाल : आधी गळती, मग द्रव

मुंबईच्या दारूखान्यात आणि गुजरातेतल्या अलंगला तुटणाऱ्या जहाजांतली पितळी होकायंत्रे चकचकीत करून देणे, एवढेच आमचे सुरुवातीचे काम. गिऱ्हाईक सजावटवाले, आतले कार्ड (दिशा छापलेली तबकडी) फिरते की अडकते, याच्याशी त्यांना देणेघेणे नव्हते. पुढे शिडाच्या होड्या बाळगणारे आणि जुनी उपकरणे जमवणारे येऊ लागले. त्यांना होका, म्हणजे होकायंत्र, चालता हवा होता. असे कार्ड काचेखालच्या द्रवात तरंगते, आणि बहुतेकांची मागणी एकच असे : काचेखाली बुडबुडा आलाय, तेवढा द्रव भरून द्या. दुकानाचा नियम तेव्हाच ठरला. द्रव कुठून गेला हे सापडल्याशिवाय भरायचा नाही. नुसता भरला तर पहिल्याच उन्हाळ्यात बुडबुडा परत येतो.

गळतीच्या जागा ठरलेल्या : काचेखालचे गॅस्केट (सांधा बंद करणारे रबरी कडे), भरणीच्या स्क्रूचा वॉशर आणि तळातला बेलोज. बेलोज म्हणजे पन्हळी पत्र्याची लवचीक डबी. होक्यातले तेल, म्हणजे मिनरल स्पिरिट, दर अंश सेल्सिअसला साधारण हजारात एक भाग फुगते. एक लिटरचा होका २० अंशांनी तापला तर सुमारे २० मिली जास्तीचा द्रव मावायला जागा लागते, ती बेलोज देतो. तो गंजून ताठ झाला की दाब गॅस्केटवर येतो. म्हणून नवे गॅस्केट लावूनही गळत असेल तर दोष बहुधा बेलोजचा.

हे काम घरी करणाऱ्यांसाठी आम्ही आता गॅस्केट आणि वॉशरचे पाकीट पाठवतो. द्रव मात्र नाही; ज्वालाग्राही माल कुरिअरवाले घेत नाहीत आणि घेऊही नये.

उघडण्याआधी एक गोष्ट पाहाच. अंधारात दिसावेत म्हणून अंकांवर पिवळट-तपकिरी, भेगाळलेला लेप असेल, विशेषतः दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या किंवा लष्करी होक्यावर, तर तो रेडियमचा समजा. चमक गेली तरी रेडियम जात नाही. त्याचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षे. असा होका आम्ही उघडत नाही, तुम्हीही उघडू नका. बंद काचेत ठेवा.

मग द्रव ओळखा. भरणीचा स्क्रू काढून सिरिंजने थेंबभर घ्या आणि पाण्याच्या पेल्यात सोडा. विरघळला तर स्पिरिट (अल्कोहोल आणि पाणी), वर तरंगला तर तेल. दोन्ही एकमेकांच्या जागी चालत नाहीत. कार्डाखालचा पोकळ तरंगा ठरावीक घनतेच्या द्रवासाठी बनवलेला असतो. स्पिरिट-पाण्याची घनता ०.९४ च्या आसपास, तेलाची, म्हणजे मिनरल स्पिरिटची, ०.७७ च्या. स्पिरिटच्या होक्यात तेल घातले की कार्ड जड होऊन, ज्या अणकुचीदार टोकावर ते फिरते त्यावर घासते; उलट केले की टोकावरून उचलले जाते.

स्पिरिटच्या होक्यासाठी जुने प्रमाण ४५० मिली इथेनॉलला ५५० मिली डिस्टिल्ड वॉटर. पाणी आधी उकळून झाकून गार करा, म्हणजे त्यातली हवा निघते. मिसळल्यावर द्रव कोमट होतो, बारीक बुडबुडे सुटतात आणि एकूण माप लिटरपेक्षा थोडे कमी भरते. हे मिश्रण २४ तास झाकून ठेवल्याशिवाय वापरू नका. रेक्टिफाइड स्पिरिटला (म्हणजे या इथेनॉलला) राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, तेव्हा परवानाधारक विक्रेत्याशीच बोला. अल्कोहोल जास्त घातले तर कार्डाचा रंग सुटतो. तेलाच्या होक्यात बिनवासाचे, डीअरोमटाइज्ड (अ‍ॅरोमॅटिक घटक काढलेले) मिनरल टर्पेंटाइन, म्हणजेच मिनरल स्पिरिट. रंगाच्या दुकानातले साधे टर्पेंटाइन अ‍ॅक्रिलिकचा घुमट आणि रंग खाते. रेशनचे निळे रॉकेल कार्डावर डाग पाडते. बेबी ऑइल टिकते, पण दाट असल्यामुळे होडी वळली तरी कार्ड मागे रेंगाळते. अशा होक्यावर दिशा धरता येत नाही.

उघडताना पितळी स्क्रूड्रायव्हर वापरा. काच दाबून धरणारी कडी आणि भांडे यांवर जुळणीची खूण करा, खालच्या दुरुस्ती चुंबकांची (दिशेतली चूक सुधारायला लावलेल्या लहान चुंबकांची) जागा लिहून ठेवा. स्क्रू समोरासमोरचे, पाव-पाव फेऱ्याने सैल करा; एकाच बाजूने सोडले की काच तडकते. कार्ड त्याच जातीच्या द्रवात मऊ ब्रशने धुवा, थिनर किंवा अ‍ॅसिटोन जवळही आणू नका. तरंगा कोमट पाण्यात बुडवून पाहा; बुडबुड्यांची माळ निघाली तर त्याला छिद्र आहे आणि सोल्डरचा डाग देऊन बुजवावे लागेल. टोक आणि त्यावर टेकणारा कार्डाचा खडा दहापट भिंगाखाली तपासा. टोक बोथट किंवा खड्याला तडा असेल तर इथेच थांबा, कारण पुढची सगळी मेहनत वाया जाते. भांड्याचा आतला पांढरा रंग सुटला असेल तर दोन भागांचा इपॉक्सी रंग द्या आणि किमान आठवडाभर सुकू द्या.

गॅस्केट नायट्राइल रबरचे, जुन्याच जाडीचे. साधे रबर तेलात फुगते. भरताना भरणीचे भोक सर्वांत वर येईल असे भांडे कलते धरा, ५० मिलीच्या सिरिंजला मऊ नळी लावून सावकाश भरा, हलवा, रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा भरा. खोली २५ ते २८ अंश असावी. भर उन्हात भरलेल्या होक्यात थंडीत बुडबुडा दिसणारच.

गळती कागदावरच्या डागावरून कळते असे समजू नका. स्पिरिट उडून जाते. होका ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोला, उलटा ठेवा, आठवड्याने पुन्हा तोला. वजन तेच राहिले पाहिजे. शेवटी लोखंडापासून आणि मोबाइलपासून दूर, छोट्या चुंबकाने कार्ड दोन अंश डावीकडे ढकला, चुंबक दूर न्या, कुठे थांबते ते पाहा. मग उजवीकडे तसेच करा. दोन्ही वेळा मूळ आकड्याच्या अर्ध्या अंशात परतले नाही तर आम्ही होका गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही.