मणके जुळले, पण धमनी सरकली तर?

पोटातील महाधमनीचा फुगवटा पोट न उघडता, जांघेतील धमनीतून स्टेंट-ग्राफ्ट (धातूच्या जाळीवर कापड चढवलेली नळी) वर नेऊन आतून बंद करता येतो, हे शल्यचिकित्सक हुआन पारोदी यांनी १९९० मध्ये ब्युनोस आयर्स येथे करून दाखवले. या पद्धतीने रुग्णाचा मोठा छेद वाचला. मात्र ज्या धमनीत काम करायचे, तीच शल्यचिकित्सकाच्या नजरेआड गेली. एक्स-रेच्या पडद्यावर तार आणि मणके दिसतात, पण रक्तवाहिनी आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिनी एक्स-रेवर दिसावी म्हणून टोचायचे द्रव्य) सोडल्यावर काही क्षणच उमटते, आणि ज्यांची मूत्रपिंडे आधीच कमकुवत आहेत त्यांना हे द्रव्य बाधू शकते.

यावर उपाय म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच्या सीटी अँजिओग्राफीतून (रक्तवाहिन्यांच्या सीटी स्कॅनमधून) धमनीचे त्रिमितीय चित्र तयार करून ते चालू एक्स-रेवर चढवतात. दोन वेगवेगळ्या कोनांतून मणक्यांची एक्स-रे प्रतिमा घेऊन ती सीटीतील मणक्यांशी जुळवली, की मूत्रपिंडाच्या धमन्यांची तोंडे पडद्यावर वर्तुळांनी दाखवता येतात. ज्या ग्राफ्टला शाखांसाठी आधीच छिद्रे ठेवलेली असतात, तो बसवताना ही वर्तुळे फार मोलाची ठरतात, कारण अवघ्या पाच-सहा मिलिमीटर रुंदीच्या तोंडात कॅथेटर (बारीक लवचिक नळी) घालायचा असतो.

खरी अडचण इथेच आहे, आणि तिच्याविषयी पुरेसे बोलले जात नाही असे मला वाटते. ग्राफ्ट वर नेण्यासाठी आत ताठ तार घालावी लागते. वयोमानाने वेड्यावाकड्या झालेल्या श्रोणीतील (ओटीपोटाच्या भागातील) धमन्या त्या तारेवर सरळ होतात, त्यांच्यासोबत महाधमनीही थोडी ओढली जाते आणि शाखांची तोंडे मूळ जागेवरून सरकतात. त्यात श्वासागणिक मूत्रपिंडे वरखाली होतात, ते वेगळेच. मणके मात्र जागचे हलत नाहीत. त्यामुळे हाडांशी केलेली जुळवणी अचूक दिसत राहते आणि धमनीचे वर्तुळ चुकीच्या जागी, तितक्याच ठळकपणे, उभे असते. पाच मिलिमीटरच्या तोंडाबाबत चार मिलिमीटरची चूक म्हणजे कॅथेटर भिंतीवर टेकणार. म्हणून ताठ तार आत गेल्यावर थोडे कॉन्ट्रास्ट सोडून चित्र पुन्हा जुळवून घेणे हा मी या तंत्राचाच भाग मानतो. त्यात वाया गेलेला वेळ मला दिसत नाही.

डोळ्यांवर चढवायच्या होलोलेन्ससारख्या हेडसेटने हेच चित्र थेट रुग्णाच्या अंगावर दिसू शकते. पायाच्या पुनर्रचनेत त्वचेकडे येणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या शोधण्यासाठी त्याचा वापर झाला आहे, आणि तिथे तो मला अधिक पटतो: वाहिनी त्वचेजवळ असते आणि दाखवलेल्या जागी डॉप्लर (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह टिपणारे उपकरण) टेकवून लगेच खातरजमा करता येते. पोटात खोलवर असलेल्या महाधमनीवर अशी तपासणी इतकी सहज होत नाही. तिथे हेडसेटचा आजचा खरा फायदा साधा आहे: मान वळवून दूरच्या पडद्याकडे पाहावे लागत नाही.

या उपकरणांच्या निर्मात्यांकडून मला एक गोष्ट हवी आहे. दाखवलेली रेषा किती मिलिमीटरपर्यंत विश्वासार्ह आहे आणि शेवटची जुळवणी ताठ तार घालण्यापूर्वीची की नंतरची, हे त्या चित्रावरच, शल्यचिकित्सकाच्या नजरेसमोर लिहिलेले असावे.