होस्टिंग घेताना वरुडच्या दुकानदारानं काय पाहावं

आमच्या वरुडकडे संत्र्याचा बार निघाला का कोणी ना कोणी विचारतेच, भाऊ वेबसाइट टाकाची आहे, किती लागते? आता यात दोन खर्च वेगवेगळे असतात बरं, डोमेन म्हणजे नुसतं नाव, अन् होस्टिंग म्हणजे तुमचे फोटो, भाव, फॉर्म ज्या सर्व्हरवर राहतात त्याचं भाडं. तो सर्व्हर मुंबई, सिंगापूर असा कुठंतरी दूर असते म्हणून आपल्याकडं लाईन गेली तरी साइट चालूच राहते.

लहान धंद्याले शेअर्ड होस्टिंग पुरते, एका मशीनवर शेकडो साइट असतात म्हणून स्वस्त पडते. दिवसाले शंभर लोकं येणाऱ्या डाळ मिलले व्हीपीएस, म्हणजे सर्व्हरचा स्वतःपुरता राखून ठेवलेला महागडा हिस्सा, कशाले पाहिजे बाप्पा!

खरी गोम रिन्यूअलमध्ये, म्हणजे मुदत संपल्यावर पुढचे पैसे भरण्यात आहे. जाहिरातीत पहिल्या वर्षाचा भाव मोठ्या अक्षरात, दुसऱ्या वर्षीचा खाली बारीक, अन् तो कितीतरी जास्त असते, तोच आधी वाचा. एसएसएलचे, म्हणजे साइटवरची माहिती सुरक्षित ठेवणाऱ्या कुलपाचे, वेगळे पैसे मागितले तं विचारा काहून, लेट्स एन्क्रिप्ट नावाच्या संस्थेचं एसएसएल सर्टिफिकेट फुकट भेटते, बरेच होस्टिंगवाले तेच लावून देतात.

अन् डोमेन म्हणजे सातबारा समजा, तो स्वतःच्याच नावावर पाहिजे. साइट बनवणारं पोरगं आपल्या ईमेलवर नोंदवून टाकते, मंग ते पुण्याले गेलं का फोन उचलत नाही अन् लॉगिन त्याच्याकडंच. रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीच्या, खात्यात ईमेल अन् मोबाईल तुमचाच टाका, बॅकअपची एक कॉपी घरच्या पेनड्राइव्हवर ठेवा.