तळपायांची आग आणि वेदनाशामक गोळ्या

मधुमेह असलेल्या माणसाच्या तळपायांची रात्री आग होऊ लागली, मुंग्या येऊ लागल्या, की औषधाच्या दुकानातून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन आणून घ्यायचे, ही आमच्या इंदूरच्या घरांमधली सवय मला फार काळजीची वाटते. नसेला सूज आहे, ती उतरली की बरे वाटेल, असे माझी आत्याही म्हणते आणि तिच्या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली, की ती प्रथिनांना चिकटून जे पदार्थ तयार होतात, त्यांच्यामुळे पेशींमध्ये टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-६ यांसारखी दाह वाढवणारी प्रथिने निर्माण होतात, आणि नसांना रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्याही हळूहळू खराब होत जातात.

परंतु हा दाह मुरगळलेल्या घोट्याच्या सुजेसारखा नव्हे. या गोळ्या मुख्यतः प्रोस्टाग्लँडिनची, म्हणजे सूज आणि वेदना वाढवणाऱ्या शरीरातल्या रसायनांची, निर्मिती रोखतात. साखरेने चालू ठेवलेली वरची साखळी त्यांनी तुटत नाही, आणि मधुमेहात आधीच नाजूक झालेल्या मूत्रपिंडांवर मात्र त्यांचा भार पडतो. स्टेरॉइडने तर साखरच वाढते.

दाह आणि त्याच्या जोडीने होणारी ऑक्सिडीकरणाची हानी कमी करण्यासाठी सर्वाधिक अभ्यासले गेलेले औषध म्हणजे अल्फा लिपोइक आम्ल. २००६ च्या सिडनी-२ चाचणीत रोज ६०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांची जळजळ आणि टोचणी पाच आठवड्यांत कमी झाली. मात्र चार वर्षे चाललेल्या नेथन-१ चाचणीत, २०११ च्या अहवालानुसार, मुख्य ठरवलेल्या निकषावर फरक सिद्ध झाला नाही. म्हणून मी त्याला आराम देणारे औषध मानते, नस पूर्ववत करणारे नव्हे. वेदनेसाठी डॉक्टर प्रेगाबालिन किंवा ड्युलोक्सेटिन देतात, ती दाहशामक नाहीतच, पण या दुखण्यावर त्यांचा उपयोग सिद्ध झालेला आहे.

नस वाचवण्याचा भक्कम पुरावा साखरेच्या नियंत्रणाचाच आहे: १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीसीसीटी अभ्यासात टाइप १ मधुमेहाच्या रुग्णांमध्ये काटेकोर नियंत्रणाने नसांचा आजार सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाला. टाइप २ मध्ये हा लाभ इतका ठळक नाही, म्हणून तेथे वजन, रक्तदाब आणि चालणे यांकडेही तितकेच लक्ष हवे. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांनी बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्यावे, कारण त्याच्या कमतरतेनेही असेच बधिरपण येते.

ज्यांचे पाय सुन्न झाले आहेत, त्यांनी वैशाखात आमच्या खजराणा गणपतीच्या मंदिरातल्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालू नये. चटका बसलेला त्यांना कळत नाही. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून मोनोफिलामेंटने, म्हणजे स्पर्श कळतो का ते पाहण्याच्या बारीक नायलॉन तंतूने, तळपाय तपासून घ्यावेत. त्यासाठी दोन-चार मिनिटेच लागतात.