चुकीची फाईल

चित्रपटगृहात ड्यूटी मॅनेजर म्हणून काही वर्षे काढली की तक्रारी ऐकण्याआधीच ओळखू येऊ लागतात. आवाज फार मोठा आहे, एसी फार गार आहे, आपल्या खुर्चीवर दुसरेच कुणी बसले आहे, यापलीकडे सहसा काही नसते. ऑक्टोबर 2024 च्या पहिल्या आठवड्यात ‘जोकर’ या चित्रपटाचा दुसरा भाग, ‘जोकर: फोली आ दू’, लागला, त्या दिवशी संध्याकाळच्या खेळाला मात्र एक तरुण तिसऱ्या-चौथ्या मिनिटालाच दार ढकलून बाहेर आला आणि मला म्हणाला, “मॅडम, चुकीची फाईल लागलीय. आत कार्टून चाललंय.”

त्याने चेहरा पांढरा रंगवला होता, ओठांवर लाल रंग गालांपर्यंत ओढला होता आणि घामाने तो हनुवटीकडे ओघळू लागला होता.

चुकीची फाईल लागणे तसे सोपे नसते. चित्रपट आमच्याकडे कुलूपबंद येतो आणि त्याची डिजिटल किल्ली ठरावीक सर्व्हरवर, ठरावीक तारखांपुरतीच चालते. तरीही प्रोजेक्शनला वॉकीवर विचारले आणि खात्रीसाठी स्वतः आत जाऊन भिंतीशी उभी राहिले. पडद्यावर खरोखरच कार्टून चालू होते. जुन्या अमेरिकी व्यंगपटांच्या धाटणीच्या त्या छोट्या तुकड्यात जोकरची सावली त्याच्यापासून सुटी होते, त्याचे कपडे चढवून भलतेसलते उद्योग करते आणि शेवटी मार मात्र त्याला खावा लागतो. चित्रपटाची सुरुवातच तशी होती. बाहेर येऊन मी त्या तरुणाला तसे सांगितले. “मग जोकर कधी सुरू होणार?” असे त्याने विचारले. “सुरू झालाय,” मी म्हणाले. तो माझ्याकडे संशयाने पाहतच परत आत गेला.

त्याचा दोष नव्हता. 2019 च्या पहिल्या भागाने व्हेनिसच्या महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार, म्हणजे गोल्डन लायन, मिळवला होता. ऑस्करची 11 नामांकने आणि त्यांपैकी 2 पुरस्कार पटकावले होते आणि जगभरात 100 कोटी डॉलरहून अधिक कमाई केली होती. त्यानंतरच्या पाच वर्षांत, पायऱ्यांवर नाचणारा तो माणूस दिग्दर्शकाच्या हातून निसटून प्रेक्षकांच्या मालकीचा झाला होता. कुणाला त्यात आपली हेटाळणी दिसली, कुणाला बंड दिसले, तर कुणाला नुसताच एक झकास पोशाख दिसला. दुसऱ्या भागाच्या जाहिरातींमध्ये लेडी गागा होती, नाच होता, गाण्याची झलकही होती. पण पात्रे चित्रपटभर अधूनमधून गातच राहणार आहेत, हे त्यावरून कुणाच्या ध्यानात आले असते असे मला वाटत नाही.

पाऊण तास उलटल्यावर दारे उघडू लागली. आमच्या उशरांचा, म्हणजे दारावर उभ्या असणाऱ्या मुलांचा, एक साधा हिशेब आहे: प्रेक्षक हात हलवत बाहेर आला तर तो स्वच्छतागृहाकडे निघालेला असतो आणि पिशवी खांद्याला अडकवून आला तर तो परतणार नसतो. त्या खेळाला 31 जण पिशव्या घेऊन बाहेर पडले. मोजायचे कुणी सांगितले नव्हते, पण दारावरच्या मुलाने मोजले. त्यांपैकी बहुतेक मुकाट्याने निघून गेले आणि नऊ जण पैसे परत मागायला माझ्यासमोर उभे राहिले. त्यातले सहा-सात जण एकच सांगत होते, की गाणी आहेत हे आम्हाला आधी सांगितले नव्हते. नियमानुसार मी नकार दिला. तरी ही तक्रार मला खोटी वाटली नाही. तिकीट विकताना आपण नक्की काय विकतो आहोत, हे खिडकीतल्या मुलालाही माहीत नव्हते.

खेळ सुटल्यावरचा राग मात्र निराळा होता. शेवटाकडे आर्थर, म्हणजे जोकर म्हणवला जाणारा नायक, भर न्यायालयात कबूल करतो की जोकर नावाचे कुणी नाही, जे काही केले ते आपणच केले. त्यावर प्रेक्षक चिडले होते, आणि ते चिडणे चित्रपट रटाळ झाल्यावरचे नव्हते. शब्द देऊन ऐनवेळी मागे फिरलेल्या नातेवाइकावर माणूस चिडतो, तशी ती चीड होती. तोंड रंगवलेला तो तरुण शेवटपर्यंत बसला होता. मी त्याला ओले टिश्यू दिले, तेव्हा गाल पुसत तो एवढेच म्हणाला, “तो असं कसं म्हणू शकतो?” गाण्यांबद्दल तो चकार शब्द बोलला नाही. सुरुवातीच्या कार्टूनमधली सावली मला तेव्हा आठवली. पण ती आठवण त्याला करून देण्याची ती वेळ नव्हती.

त्याच शनिवार-रविवारी अमेरिकेतून सिनेमास्कोअरची श्रेणी आली: ‘डी’. ही संस्था 1979 पासून पहिल्या रात्रीच्या प्रेक्षकांना दारातच कार्ड देऊन मत विचारते. पहिल्या भागाला तिथे ‘बी प्लस’ होता. ही श्रेणी चित्रपटाचा दर्जा सांगते असा सर्रास समज आहे. माझ्या मते ती अपेक्षा आणि अनुभव यांच्यातले अंतर सांगते. पहिल्याच रात्री येतो तो सर्वांत आतुर प्रेक्षक असतो. तोच नाराज झाला तर श्रेणी कोसळते, म्हणूनच चांगल्या भयपटांनाही तिथे अनेकदा ‘सी’वर समाधान मानावे लागते. उलट प्रकारही घडतो. 2017 च्या ‘स्टार वॉर्स: द लास्ट जेडाय’ला दारात ‘ए’ मिळाला, समीक्षकांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांनी त्याला पसंती दिली आणि रॉटन टोमॅटोज या चित्रपट-परीक्षणांच्या संकेतस्थळावर प्रेक्षकांच्या पसंतीचा आकडा मात्र चाळिशीच्या आसपास घुटमळत राहिला. दारात उत्तर देणारा माणूस तिकीट काढून आलेला असतो. ऑनलाइन मत तेव्हा कुणालाही देता येत होते, आणि चिडलेला माणूस ते आवर्जून देतो. आमच्या दारात त्या संध्याकाळी जे दिसले, ते पहिल्या प्रकारचे, म्हणजे तिकीट काढून आलेल्यांचे मत होते, हे मात्र नक्की.

मी स्वतः तो चित्रपट रात्रीच्या शेवटच्या खेळाला पूर्ण पाहिला. न्यायालयातले प्रसंग लांबतात आणि गाणी रंगात येण्याआधीच तुटतात, हे खरे आहे. पण ज्या कबुलीवर लोक सर्वांत जास्त संतापले, तिथेच मला तो सर्वांत धीट वाटला. अर्थात मी तोंड रंगवून गेले नव्हते, त्यामुळे मला हे म्हणणे सोपे आहे.

दुसऱ्या शनिवार-रविवारी अमेरिकेतली कमाई 81 टक्क्यांनी घसरली. आमच्याकडे त्याआधीच त्याचे मोठे प्रेक्षागृह, म्हणजे मोठी ऑडी, काढून घेण्यात आली होती आणि उरलेले दोन खेळ सर्वांत लहान ऑडीत गेले होते.

आठवड्याच्या अहवालात तक्रारींचा तक्ता भरावा लागतो. त्यात आवाज, चित्र, आसने, वातानुकूलन, कर्मचाऱ्यांची वागणूक आणि शेवटी ‘इतर’ असे रकाने असतात. पहिल्या पाचांपुढे मी शून्य लिहिले आणि ‘इतर’पुढे 9. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांचा फोन आला की हे ‘इतर’ म्हणजे नेमके काय. मी थोडक्यात सांगितले: गाणी, कबुली, कार्टून. त्यांनी विचारले, “चित्र नीट होतं ना? आवाज नीट होता ना?” दोन्ही नीट होते, असे मी सांगितले. “मग निरंक लिहा,” ते म्हणाले.

मी 9 वर रेघ मारून निरंक लिहिले.