शर्ट तोच, बाह्या दुमडलेल्या

अण्णांचं शिलाईचं दुकान साताऱ्यात, घराच्याच ओट्यावर. लहानपणी मी मशीनखाली बसून चिंध्या गोळा करायचे आणि वर टेबलावर अण्णा कापड बेतत असायचे. गिऱ्हाईक जुना शर्ट आणून टाकायचं, "अगदी ह्याच्यासारखा शिवा." अण्णा आधी तो शर्ट हाताने पसरायचे, दुमडलेल्या बाह्या सरळ करायचे, मुंढ्यावर मुंढा ठेवायचे आणि मगच खडू उचलायचे.

एमएस्सी करून पुण्यात एका प्रयोगशाळेत प्रोजेक्टवर लागले, तेव्हा अण्णांना फोनवर सांगितलं होतं, "तुमचंच काम करते. एका प्रोटीनवर दुसरं ठेवायचं आणि कुठे किती जुळतंय ते बघायचं."

पहिल्याच महिन्यात माती खाल्ली. कॅल्मोड्युलिन नावाच्या, कॅल्शियम धरणाऱ्या प्रोटीनच्या दोन रचना दिल्या होत्या. एक मोकळ्या कॅल्मोड्युलिनची, दुसरी ते एका पेप्टाइडला, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीला, कवटाळून बसलेलं असतानाची. मी स्क्रिप्ट चालवली, आरएमएसडी, म्हणजे दोन रचना एकमेकींपासून सरासरी किती लांब पडतात त्याचं माप, आला दोन आकडी. चांगल्या जुळणाऱ्या रचनांचा तो एक-दोन अँगस्ट्रॉम असतो, आणि अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग. मीटिंगमध्ये मी ठासून सांगितलं, "मॅडम, फाइल चुकीची आहे, ही दोन वेगळी प्रोटीनं आहेत." मॅडम काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त दोन्हींतल्या अमिनो आम्लांचा, म्हणजे प्रोटीनच्या माळेतल्या मण्यांचा, क्रम स्क्रीनवर एकाखाली एक लावला. तोच होता.

आरएमएसडीची रीत अशी: दोन्ही रचनांचे मध्यबिंदू एकावर एक आणायचे, मग एक रचना जास्तीत जास्त जुळेपर्यंत फिरवायची. हे फिरवणं नेमकं कसं करायचं त्याचं गणित वोल्फगांग काब्श यांनी १९७६ साली दिलं. पुढे जोडीजोडीने अणूंमधली अंतरं घ्यायची, वर्ग, सरासरी, वर्गमूळ. घोळ त्या वर्गात आहे. समजा १०० अणू आहेत, दर अमिनो आम्लामागे एक. ९० अगदी छान, एकेक अँगस्ट्रॉमवर. उरलेलं दहांचं शेपूट २० अँगस्ट्रॉम दूर लोंबतंय. ९० जणांच्या वर्गांची बेरीज ९०, दहा जणांची ४०००. आरएमएसडी ६.४! शेपटाने सगळ्या घराण्याची अब्रू घालवली.

म्हणून २००४ मध्ये यांग झांग आणि जेफ्री स्कॉलनिक यांनी टीएम-स्कोअर काढला. त्यात जवळच्या अणूला जवळजवळ पूर्ण गुण, लांबच्याला शून्याजवळ, पण उणे कुणालाच नाही. 'जवळ' किती ते प्रोटीनच्या लांबीवर ठरतं. १०० अमिनो आम्लांसाठी ते माप साधारण ३.६५ अँगस्ट्रॉम येतं. वरचंच उदाहरण त्यात घातलं तर ०.८४ मिळतात. एकापैकी ०.५ च्या वर गेलं की घडी, म्हणजे साखळी दुमडून झालेला आकार, बहुधा एकच, असं धरतात. मला हा आकडा आरएमएसडीपेक्षा प्रामाणिक वाटतो, पण कॅल्मोड्युलिनपुढे त्याचीही दमछाक होते.

कारण कॅल्मोड्युलिन म्हणजे डंबेल. १४८ अमिनो आम्लं, दोन टोकांना दोन गोळे, प्रत्येक गोळ्यात दोन कॅल्शियम, मध्ये एक लांब दांडी. पेप्टाइड आलं की दांडी मधूनच मोडते आणि दोन्ही गोळे मुठीसारखे त्याच्याभोवती मिटतात. अख्खी रचना अख्ख्या रचनेवर ठेवली तर एक गोळा बसतो आणि दुसरा भलतीकडे जातो. मॅडमनी मला गोळे सुटे करून एकेक जुळवायला लावले. दोन्ही जवळपास तंतोतंत बसले. वेगळं काही झालंच नव्हतं, फक्त बाही दुमडलेली होती आणि मी ती सरळ न करताच खडू उचलला होता.

नुसतीच माझी फजिती असती तर लिहिलं नसतं. ट्रायफ्लुओपेराझिन नावाचं मानसिक आजारांवरचं जुनं औषध आहे, तेही कॅल्मोड्युलिनला चिकटून त्याला असंच मिटवतं. मोकळ्या रचनेसारखं काय काय आहे हे शोधताना कुणी आरएमएसडीची चाळणी लावली, तर औषध धरून बसलेली तीच रचना आधी फेकली जाईल. आपल्याला तर तीच हवी असते.

उलटी गंमतही आहे. भुईमुगाचं रोप उपटलं की मुळांवर गाठी दिसतात, एखादी नखाने फोडली की आत गुलाबी. ते लेगहिमोग्लोबिन, ऑक्सिजन धरणारं प्रोटीन. त्याचा आणि आपल्या स्नायूंतल्या मायोग्लोबिनचा अमिनो आम्लांचा क्रम फारसा जुळत नाही. तरी घडी तीच, ऑक्सिजन धरायची जागाही तशीच. इथे क्रम बघणारा फसेल आणि आकार बघणारा जिंकेल.

फॅटकॅट नावाची एक पद्धत आहे, २००३ मधली, युझेन ये आणि अ‍ॅडम गॉडझिक यांची. ती जुळवताना रचनेला मध्येच वाकू देते, आणि असे वाक किती द्यावे लागले तेही मोजते. अण्णांना हे सांगितलं तर म्हणाले, "बाही सुटी करून बघायला एवढं कशाला? शिवण उसवायची."

शिवण असती तर बरं झालं असतं. दांडी मोडते कुठे, तर ऐंशीव्या अमिनो आम्लाच्या आसपास, पण नेमकी कापायची कुठे? मी आधी ७७ वर कापलं, मग ८१ वर. दर वेळी आकडा थोडा हलला. शेवटी दांडीतली सहा अमिनो आम्लं दोन्हीकडून वगळली आणि अहवालाच्या तक्त्याखाली त्यांचे क्रमांक लिहून दिले. मॅडमनी पेन्सिलने एवढंच विचारलं होतं, सहाच का.

अजून उत्तर दिलेलं नाही.