तुम्ही विचारलंत म्हणून: नोकरी सोडली का?

नाही सोडली. अजून तरी नाही. दर फोनला हाच प्रश्न येतो म्हणून एकदाचं लिहून टाकते, पुढच्या वेळी निदान दुसरं काहीतरी विचाराल. आणि मला व्हायचंय ते बॅरिस्टर नाही हो, सॉलिसिटर, म्हणजे करार-कागदपत्रं आणि सल्ल्याचं काम बघणारी वकील. कोर्टातला तो विग आपल्याला नकोय. नऊ वर्षं प्रोक्युरमेंटमध्ये, म्हणजे कंपनीच्या खरेदी विभागात, करारच वाचतेय, तेच करायचंय, फक्त स्वतःच्या सहीने.

"परीक्षा पास झालीस ना, मग अडलंय कुठे?" अहो, ती एसक्यूईची, म्हणजे सॉलिसिटर व्हायला लागते त्या परीक्षेची, पहिली पायरी, ३६० प्रश्नांची. दुसरी बाकी आहे, आणि वर दोन वर्षांचा कामाचा अनुभव. २०२१ मध्ये इंग्लंडमधले नियम बदलले, हा अनुभव चार ठिकाणांपर्यंत तुकड्यातुकड्यांनी चालतो, वाचल्यावर मला वाटलं झालंच आपलं काम, नोकरी न सोडताच! तसं सगळ्यांना सांगत पण सुटले, मूर्ख.

सहा वीकेंड घालून बावीस पानांची फाइल केली. कुठला करार, कुठलं कलम, मी काय बदललं. अनुभवाच्या सहीसाठी आमच्या लीगल टीममधल्या एका सॉलिसिटरकडे नेली, रोजची कॉफी एकत्र घेणारी बाई. आता ती सही म्हणजे काही मी हुशार असल्याचं सर्टिफिकेट नव्हे, अमुक काळ हे काम केलं आणि त्यात शिकायची संधी मिळाली, एवढंच. तिने तीन-चार पानं उलटली आणि फाइल मिटली. म्हणाली, छान केलंयस, पण हे लीगल काम नाही, लीगल काम तू आमच्याकडे पाठवतेस. मी काय म्हणाले? "हो, बरोबर आहे." वर थँक्यू पण म्हणाले! आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिचाच मेल, त्या सप्लायरच्या करारातलं नुकसानभरपाईचं कलम तू कसं बदललं होतंस, पाठवतेस का.

पाठवलं.

नियमाने तिचं चुकलं नाही, अनुभव लीगल कामाचाच लागतो. नाही, थोडं चुकलंच. रात्री तीनला मी अजून तिच्याशी भांडते, आणि दर वेळी जिंकते.

मग राहिलं काय? आठवड्यातून एक दिवस लॉ क्लिनिक, जिथे लोकांना फुकट कायदेशीर सल्ला देतात, म्हणजे दोन वर्षांची दहा होणार. नाहीतर राजीनामा, आणि जवळजवळ निम्म्या पगारावर पॅरालीगल, म्हणजे वकिलांच्या हाताखालची मदतनीस. मॉर्गेज तुम्हाला माहितीय. लोकांना मदत करायचीय वगैरे मी सांगत असते ते अर्धं खोटं, मला ती स्वतःची सही हवीय. आणि महिन्याच्या महिन्याला येणारा पगारही हवाय, त्यात लाजायचं काय?

मागच्या आठवड्यात एका पॅरालीगलच्या जागेचा फॉर्म भरलाय. पाठवला नाही, शुक्रवारपर्यंत मुदत आहे. रेफरन्सला सॉलिसिटर असेल तर बरं म्हणतात, आणि माझ्या ओळखीची सॉलिसिटर एकच आहे.