आमची वाटचाल : स्लरी, कॉस्टिक आणि सामू

कुपवाडला भाड्याच्या गाळ्यात मी भांडी घासायचं लिक्विड करायला घेतलं, तेव्हा माझ्याकडे होते दोन प्लास्टिकचे ड्रम, वजनकाटा आणि ढवळायला लाकडी दांडा. मुख्य माल दोनच : अ‍ॅसिड स्लरी, म्हणजे लिक्विडला फेस देणारं आम्ल, आणि कॉस्टिक सोडा, म्हणजे त्याला मारणारी तीव्र आम्लारी. स्लरी काळपट तपकिरी, काकवीसारखी घट्ट; कॉस्टिकच्या पांढऱ्या पापड्या. उघड्या हातावर पडलं तर दोन्हींनी कातडी भाजते.

आधी पाण्यात कॉस्टिक सोडायचा, कॉस्टिकवर पाणी कधीच ओतायचं नाही. तो निवला की स्लरीची बारीक धार धरायची. ढवळता ढवळता काळपट रंग फिकट पिवळा होतो, ड्रम बाहेरून गरम लागतो. शाळेत घोकलेलं ‘आम्ल + आम्लारी → क्षार + पाणी’ ते हेच. क्षार म्हटल्यावर मला जेवणातलं मीठच आठवायचं. पण भांड्याचा तेलकटपणा ओढून काढतो तोही क्षारच, आणि माझं घर त्याच्यावर चालतं. पाणीही खरंच तयार होतं : सव्वा किलो कॉस्टिकमागे अर्ध्या किलोहून थोडं जास्त.

दहा किलो स्लरीला सव्वा किलो कॉस्टिक, हे प्रमाण मी पाठ करून ठेवलं होतं. तिथेच चुकले. एकदा स्लरी दुसरीकडून आणली, ती कमी ताकदीची निघाली. आम्ल कमी, कॉस्टिक तेवढाच; उरलेला कॉस्टिक लिक्विडमध्ये तसाच राहिला. फेस छान होता, म्हणून सामू (पीएच, म्हणजे द्रव आम्ल आहे की आम्लारी हे सांगणारा आकडा; सात म्हणजे दोन्ही नाही) न तपासता कॅन भरले. चौथ्या दिवशी एका खानावळीतून फोन आला. जाऊन पाहिलं तर भांडी घासणाऱ्या मावशींच्या तळव्यांची सालं निघत होती. सगळे कॅन परत आणले, दवाखान्याचे पैसे दिले. त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्याच आठवड्यात ब्युरेट (मोजून थेंब सोडायची खुणांची काचनळी) आणि फिनॉल्फ्थॅलीन (आम्ल संपून आम्लारी उरली की गुलाबी होणारं द्रावण) आणलं. आता स्लरीच्या प्रत्येक ड्रमातला नमुना मोजते : ठरावीक ताकदीचा कॉस्टिक थेंबाथेंबानं सोडायचा, गुलाबी छटा टिकली की थांबायचं. त्यावरून त्या घाण्याचा कॉस्टिक ठरतो. कॉस्टिकचं पोतंही उघडं ठेवत नाही. तो हवेतलं पाणी ओढतो आणि वजन फसवतं. शेवटी सामू सात ते आठ आला, तरच कॅन भरायचे.

त्या खानावळीत आजही माल जातो. द्यायला मी स्वतः जाते आणि आधी मावशींचे हात बघते.